मनोहर जोशी : शिवसेनेचे पहिले मुख्यमंत्री

मनोहर गजानन जोशी यांचा जन्म २ डिसेंबर १९३७ रोजी रायगड जिल्ह्यातील नांदवी येथे झाला. बेताच्या परिस्थितीत शिक्षण घेऊन त्यांनी मुंबई महापालिकेत नोकरी केली. १९६१ मध्ये दादरला 'कोहिनूर' ही तंत्रशिक्षण संस्था स्थापन केल्यावर ते 'सर' म्हणून ओळखले जाऊ लागले.

शिवसेनेतर्फे नगरसेवक, विधान परिषद सदस्य व १९७६-७७ मध्ये महापौर झालेले जोशी १९९० मध्ये दादरमधून विधानसभेवर निवडून आले. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेनेला ७३ व भाजपला ६५ जागा मिळाल्या. १४ मार्च रोजी शिवाजी पार्कवर जोशी यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मात्र या सरकारचा 'रिमोट कंट्रोल' आपल्या हाती असल्याचे शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे उघडपणे सांगत. पुण्यातील भूखंड प्रकरणी आरोप झाल्यानंतर जानेवारी १९९९ मध्ये ठाकरे यांच्या आदेशावरून जोशी यांनी राजीनामा दिला आणि नारायण राणे मुख्यमंत्री झाले.

त्याच वर्षी लोकसभेवर निवडून आलेले जोशी केंद्रात अवजड उद्योगमंत्री व १० मे २००२ पासून २००४ पर्यंत लोकसभेचे अध्यक्ष होते. २०१३ च्या दसरा मेळाव्यात मात्र शिवसैनिकांच्या घोषणाबाजीमुळे त्यांना व्यासपीठ सोडावे लागले. मैदान तेच, शिवाजी पार्कचे होते.

२३ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दादर येथे शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले.