टाइम सिरीज लायब्ररी: वेळेचा डेटा सांभाळताना काय काय ठरवावं लागतं?

फोनमधला स्टेप काउंटर, हवामानाचं ॲप, शेअरचा चार्ट या सगळ्यांमागे एकाच प्रकारचा डेटा असतो: एक वेळ आणि त्या वेळेची नोंद. यालाच टाइम सिरीज म्हणतात. पायथनमध्ये असा डेटा हाताळायला 'पांडास' ही लायब्ररी खूप वापरली जाते. वेस मॅककिनी यांनी २००८ मध्ये ती लिहायला घेतली. अशी लायब्ररी बनवताना काही प्रश्नांची उत्तरं आधीच ठरवावी लागतात. ती चुकली, तर आपला चार्ट खोटं बोलतो.

१. वेळ किती बारीक मोजायची?

पांडास बरीच वर्षं प्रत्येक वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या नॅनोसेकंदांत, ६४ बिटांच्या एका पूर्णांकात साठवत होती. शेअर बाजारासाठी हे उत्तम. पण एवढ्या जागेत १९७० च्या मागे-पुढे साधारण २९२ वर्षंच मावतात: सप्टेंबर १६७७ ते एप्रिल २२६२. म्हणजे शिवराज्याभिषेकाचं १६७४ साल टाकलं की एरर! २०२३ मधल्या २.० आवृत्तीपासून सेकंद, मिलिसेकंद आणि मायक्रोसेकंदही निवडता येतात. बारकावा कमी केला की आवाका वाढतो.

२. वेळ नेमकी कुठली?

'सकाळी १०' म्हणजे पुण्यातले की लंडनमधले? टाइमझोन असलेली आणि नसलेली वेळ पांडास वेगळी मानते. त्यातली आधीची कोणती, असं विचारलं की एरर येते. न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबरात घड्याळ एक तास मागे घेतात, त्या रात्री १:३० दोनदा वाजतात. त्यातले कोणते, हे तुम्ही सांगितलं नाही तर पांडास अंदाज बांधत नाही, सरळ थांबते.

३. नोंदच नसेल तर?

समजा, फोन दोन तास बंद होता. तासातासाचे गट पाडून (याला रीसॅम्पलिंग म्हणतात) सरासरी काढली, तर त्या तासांपुढे 'नॅन' येतं, म्हणजे 'आकडा नाही'. बेरीज केली तर मात्र थेट ०! रिकाम्या यादीची बेरीज गणितात ० असते, म्हणून २०१७ च्या अखेरीस आलेल्या ०.२२ आवृत्तीत तसं ठरलं. पावलांचं एक वेळ ठीक आहे. पण धरणावरच्या पर्जन्यमापकाची बॅटरी संपली आणि चार्टवर 'पाऊस ०' दिसला तर? यावर उपाय आहे: 'मिन_काउंट' हा पर्याय १ ठेवा, मग रिकाम्या तासाची बेरीजही 'नॅन' येते.

थोडक्यात, '० मोजलं' आणि 'मोजलंच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठलीही टाइम सिरीज लायब्ररी वापरण्याआधी एक छोटी चाचणी घ्या: मुद्दाम दोन नोंदी काढून टाका आणि ती त्या जागी काय दाखवते ते बघा.