कामाचे हप्ते (जीर्ण वेदनेतील)
तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेत रोजची कामे झेपतील अशा टप्प्यांत करण्याची पद्धत. बरे वाटले की साठलेली सगळी कामे उरकायची आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचे, हे चक्र या पद्धतीने मोडायचे असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांच्या १९७६ च्या ग्रंथात यामागचे सूत्र आहे : थांबायचे ते दुखू लागल्यावर नव्हे, ठरलेले काम किंवा वेळ संपल्यावर. उदाहरणार्थ, पोळ्या लाटताना वीस मिनिटांनी कंबर धरत असेल, तर पंधराव्या मिनिटालाच पोळपाट बाजूला सारून बसायचे, उरलेली कणीक झाकून ठेवायची. ही मर्यादा पुढे हळूहळू वाढवतात. नुसतीच विश्रांती वाढवली, तर स्नायू दुबळे होतात. शिवाय विश्रांतीने वेदना ओसरेलच असे नाही. घरात पाहुणे असताना कामाचे हे हप्ते पाळणे बायकांना फारच जड जाते.