चामखीळ
चामखीळ : मानवी पॅपिलोमा व्हायरसाच्या संसर्गाने बाह्यत्वचेत उद्‌भवणारी खरखरीत, टणक व सामान्यतः निरुपद्रवी वाढ. सुश्रुतसंहितेत खिळ्यासारख्या वाढीला ‘चर्मकील’ म्हटले असून मराठी शब्द त्यावरूनच आला आहे. रोमन लेखक सेल्सस याने इ. स. पहिल्या शतकात चामखिळींचे प्रकार वर्णिले होते. कारण मात्र दीर्घकाळ अज्ञात राहिले. १९०७ मध्ये इटालियन वैद्य जुझेप्पे चूफो याने चामखिळीचा अर्क सूक्ष्मजंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळून टोचला, तरीही चामखीळ उत्पन्न झाली. त्यावरून हा रोग व्हायरसजन्य असल्याचे सूचित झाले. पुढे या व्हायरसाचे २०० हून अधिक प्रकार आढळले. त्यांपैकी काहींचा गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखविल्याबद्दल हाराल्ट त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हातापायांवरील चामखिळींचे प्रकार त्यांहून भिन्न होत.

शाळकरी मुले, नखे कुरतडणारे, सतत ओल्या हातांनी काम करणारे, खाटीक व रोगप्रतिकारक्षमता घटलेले रुग्ण यांत संसर्ग अधिक आढळतो. मुलांतील बहुसंख्य चामखिळी सुमारे दोन वर्षांत आपोआप नाहीशा होतात. घोड्याचा केस बांधणे, मंत्र इ. उपायांची ख्याती बव्हंशी यामुळेच टिकली असावी. चामखीळ कापल्याने किंवा ओरबाडल्याने संसर्ग पसरू शकतो. सॅलिसिलिक अम्लाचा लेप व द्रवरूप नायट्रोजनाने (सु. −१९६° से.) गोठविणे हे प्रचलित उपचार होत, मात्र व्हायरस समूळ नष्ट करणारे औषध उपलब्ध नसल्याने चामखीळ पुन्हा उद्‌भवू शकते. चेहऱ्यावरील चामखिळींवर, तसेच मधुमेही रुग्णांनी, हा लेप वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये.