नदीत पाय घालायची हिंमत

मित्रहो, पोस्ट जरा लांबली आहे. रविवार आहे, चहा घेऊन बसा.

झालं असं, गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ पडला. आमचा एक वर्गमित्र वीसेक वर्षांपासून मेलबर्नला आहे. तिथले चार-पाच दोस्त मिळून सुट्टीला नदीकाठी गेले होते. तंबू, शेगडी, एक मोटरबोट. बोटीला दोरी बांधलेली, दोरीच्या टोकाला दांडा, आणि तो दांडा धरून एक पोरगा पाण्यावर उभा. पायात फळी नाही, काही नाही. अनवाणी! तळपायांखालून पाण्याचे दोन पांढरे फवारे उडतायत आणि तो पठ्ठ्या मागे रेलून हसतोय. पुढच्या व्हिडिओत आमचा मित्र. पंचेचाळिशीचं पोट सांभाळत त्यानेही प्रयत्न केला, तीन सेकंद टिकला आणि तोंडावर आपटला. बाहेर आला तो खोकत, हसत, नाकातून पाणी काढत.

कुणीतरी विचारलं, ‘अरे, नाकातोंडात गेलं ना पाणी? डॉक्टरकडे जा.’

त्याचं उत्तर होतं, ‘कशाला? नदीचंच पाणी आहे ना.’

मग ग्रुपवर नेहमीची मजा सुरू. एकाने लिहिलं, ‘ये की इकडे, आपल्या दहिसरच्या नाल्यात करून दाखव.’ हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात माझाही एक चेहरा होता. दाबून झाल्यावर मात्र बरं वाटलं नाही. इतकी वर्षं उपनगरातल्या बातम्या लिहितोय, नदीवरच शंभर वेळा लिहिलं असेल, आणि ‘नाला’ वाचून मीही हसलो.

आधी त्या खेळाबद्दल थोडं. पाण्यावर फळ्यांनी घसरायचा खेळ १९२२ सालचा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने लेक पेपिनवर तो पहिल्यांदा जमवला. हे लेक पेपिन म्हणजे मिसिसिपी नदीचंच रुंदावलेलं पात्र. पायातल्या फळ्याही काढून टाकायचं धाडस १९४७ मध्ये फ्लोरिडात झालं. ऑस्ट्रेलियावाल्यांनी हा अनवाणी प्रकार इतका मनावर घेतला, की त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९७८ मध्ये कॅनबेराला भरली. बोटीचा वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटर लागतो. त्याहून हळू गेलात तर तळपाय पाण्यावर टिकत नाहीत, माणूस बुडतो. म्हणजे त्या वेगात तुमची उघडी कातडी नदीवर घासत असते. एखादं लाकूड, फुटकी बाटली, तरंगती पिशवी आडवी आली तर खेळ संपला. नदीवर तेवढा भरवसा असल्याशिवाय पायातलं काढायची हिंमत होत नाही.

मित्र गेला होता ती मरे नदी. (नावावर जाऊ नका, नदी जिवंत आहे.) अडीच हजार किलोमीटर लांब. तिच्या काठावर इचुका नावाचं गाव आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, योर्टा योर्टा लोकांच्या भाषेत त्या नावाचा अर्थ होतो पाण्यांची भेट. आपल्याकडे संगम म्हणतात तेच. एकेकाळी तिथे वाफेच्या बोटींचं मोठं बंदर होतं. आता दरवर्षी तिथे ऐंशी किलोमीटरची पाण्यावरची शर्यत होते. तिथेही सगळं आलबेल नाही हं. याच मरेला मिळणाऱ्या डार्लिंग नदीत २०१८-१९ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा २०२३ मध्ये मासे थराच्या थर मरून वर आले होते. शेतीला पाणी किती उचलायचं यावरून तिथली राज्यं आपल्यासारखीच भांडतात. पण मासे मेले तेव्हा त्या देशात मोठा गदारोळ झाला. आपल्याकडे नदीत मासे नाहीत ही बातमी होत नाही. मी पत्रकार आहे, माहीत आहे मला. संपादक विचारतो, ‘यात नवीन काय?’

आता आपल्या घरी येऊ.

दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरातल्या डोंगरातून निघते, नॅशनल पार्कातून उतरते, श्रीकृष्णनगर, दौलतनगर करत हायवे आणि रेल्वे ओलांडते आणि कांदरपाड्याकडून मनोरीच्या खाडीला मिळते. लांबी साधारण बारा किलोमीटर. मरेसमोर नखाएवढी. पण वय विचाराल तर ही काही कालची पोर नाही. हिच्याच डोंगरात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे भिक्खू राहायला लागले ते पाण्याची सोय करूनच. लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आजही बघायला मिळतात. कड्यावरून येणारं पावसाचं पाणी पन्हाळी कोरून त्यात सोडलेलं आहे. पोढी खोदायला दान देणाऱ्यांची नावं भिंतींवर कोरलेली आहेत. पाणी साठवायला पैसे देणं हे पुण्याचं काम समजत होते लोक. आणि बोटींचं म्हणाल तर बोरिवली पश्चिमेला एक्सरला जाऊन वीरगळ बघा. दगडात कोरलेली वल्ह्यांची जहाजं आणि त्यांची लढाई. तेराव्या शतकातल्या शिलाहार-यादवांच्या युद्धातली ती असावी असं अभ्यासक मानतात. पाणी आणि बोट आपल्याला काही ऑस्ट्रेलियाने शिकवलेलं नाही.

मुंबईला नळाचं पाणीही पहिल्यांदा आपल्याच डोंगरातून गेलं. शहरात विहिरी आटायच्या, पाण्यासाठी हाल व्हायचे, म्हणून १८५६ मध्ये हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे विहारचं काम सुरू झालं. १८६० मध्ये पाणी शहरात पोचलं. मग १८७९ मध्ये तुळशी, १८९१ च्या सुमारास पवई. पवईचं पाणी पिण्याच्या लायकीचं निघालं नाही, ते कारखाने नि आरेकडे वळलं. विहार आणि पवई भरून वाहिले की जे पाणी सुटतं तीच मिठी. म्हणजे दक्षिण मुंबईतल्या साहेबाच्या नळाला आमच्या साष्टीचं पाणी. यात आमचा तोटा झाला असं मी म्हणणार नाही. तलावांमुळेच तर भोवतीचं जंगल राखलं गेलं. पाणी शहराने नेलं हे खरं, पण उरलेल्या नद्यांत सांडपाणी सोडलं ते आपलं आपणच.

माझे वडील १९६० च्या दशकात दहिसरला चाळीत राहायचे. त्यांची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे नदी. सकाळी चार पोरं, एक पंचा, खिशात मिठाची पुडी आणि कुणाच्या तरी वाडीतल्या कैऱ्या. कपडे एकाने सांभाळायचे, बाकीच्यांनी उड्या मारायच्या. दगडावरचं शेवाळ कुठे आहे, डोह कुठे खोल आहे, हे पायाला पाठ असायचं. काठावर धोबी कपडे आपटायचे. सिनेमावालेही यायचे. शूटिंग बघायला पोरं शाळा बुडवायची. तुमच्यापैकी जुने दहिसरकर, बोरिवलीकर हे सांगतीलच. वडिलांना पोहायला कुणी शिकवलं नाही, नदीनेच शिकवलं. मला तरणतलावात फी भरून शिकवलं. माझ्या मुलीला तर पाण्याचा वास क्लोरिनसारखाच असतो असं वाटतं.

मधल्या काळात काय झालं? तारीख हवी तर १ फेब्रुवारी १९५७ घ्या. त्या दिवशी दहिसर आणि मुलुंडपर्यंतची गावं मुंबई महापालिकेत आली. अंधेरीकडचा पट्टा १९५० मध्येच आला होता. गावं शहरात आली, शेतजमिनीचे प्लॉट पडले, चाळी आल्या, सोसायट्या आल्या, कारखाने आले. ज्या भागात गटारलाइन नव्हती तिथे सांडपाण्याला उताराची वाट हवी होती. उताराला नदी होतीच. काठावर तबेले होते, त्यांचं शेण पाण्यात. पाठोपाठ झोपड्या आल्या. दोष त्यांच्यावर टाकणं सगळ्यात सोपं, कारण त्यांचं सांडपाणी उघड्यावर दिसतं. टॉवरचं पाइपातून येतं, म्हणून दिसत नाही, इतकाच फरक.

आणि मग नाव बदललं. कुणी ठराव करून नाही, बोलता बोलता. ‘नदीपलीकडे’ म्हणणारे लोक ‘नाल्यापलीकडे’ म्हणू लागले. मी काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात माहिती विचारायला गेलो होतो. म्हटलं, दहिसर नदीची फाइल बघायची आहे. समोरचे साहेब भले होते, चहाही दिला. पण पहिला प्रश्न हाच, ‘नदी? म्हणजे नाला म्हणताय ना तुम्ही?’ मला हा शब्द साधा वाटत नाही. नाल्याचं काम असतं घाण वाहून नेणं. त्यात घाण दिसली तर तक्रार कसली? नाला पावसाळ्याआधी उपसायचा, गाळाच्या ट्रकांची बिलं काढायची, झालं. नदी म्हटलं की तिचं उगमस्थान आलं, काठ आला, पूररेषा आली, मासे आले, पोहणारी पोरं आली. म्हणजे कामं आली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि अर्ध्या मुंबईला कळलं की मिठी नावाची नदी आहे. विमानतळाच्या धावपट्टीजवळ तिला काटकोनात वळवलं होतं, पुढे भराव टाकून आवळलं होतं. सगळं त्या रात्री उघडं पडलं. मी तेव्हा पत्रकारितेत नवा होतो. कंबरभर पाण्यातून घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी बातमीत मीसुद्धा ‘मिठी नाला’ लिहिलं होतं. कात्रण अजून आहे माझ्याकडे. मिठीसाठी प्राधिकरण झालं. माधवराव चितळे यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. नद्यांचं रुंदीकरण झालं, खोलीकरण झालं, आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या उंच भिंती उभ्या राहिल्या.

भिंतींबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. श्रीकृष्णनगरातल्या ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना भिंत हवीच होती, मी त्यांच्या जागी असतो तर मीही मागितली असती. पण भिंतीने दोन गोष्टी केल्या. पात्राची कड संपवली, जिथे पाणी मुरायचं, झाडं उगवायची. आणि माणसाची नजर तोडली. आता नदी बघायची तर पुलावर थांबून वाकून बघावी लागते, आणि पुलावर कोण थांबतो? नाक दाबून रिक्षा पुढे.

बाकीच्या दोघी, पोईसर आणि ओशिवरा, यांचं दुखणं वेगळं नाही. कांदिवली आणि गोरेगावकरांनी त्यांच्यावर लिहावं, मी छापतो. मुलुंड-घाटकोपरवाल्यांकडे ठाण्याची खाडी आहे आणि तिथे फ्लेमिंगो येतात. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसरच्या यादीत नाव गेलं. त्यांना आमच्यापेक्षा थोडं बरं पदरात पडलंय.

आता एक गंमत सांगतो, जी मलाही उशिरा कळली. लहानपणी आमची पाण्यातली सहल म्हणजे नॅशनल पार्कातलं बोटिंग. वनराणीची गाडी, गांधी टेकडी, आणि पायाने चालवायची बोट. चार मित्र, दोन बोटी, आणि शर्यत! एकदा माझी चप्पल पाण्यात पडली आणि मी घरी अनवाणी आलो, म्हणून मार खाल्ला. ते पाणी म्हणजे बंधारा घालून अडवलेली दहिसर नदी. तीच. तिथे आम्ही तिकीट काढून तिच्यावर तरंगायचो, आणि संध्याकाळी घरी परतताना दोनेक किलोमीटर खाली तिलाच नाला म्हणायचो. पुढे कॉलेजात गेल्यावर गोराईला वॉटर किंगडमला जायचो. १९९८ मध्ये सुरू झालं ते. महिनाभर पैसे साठवायचे, फेरीबोटीने खाडी ओलांडायची आणि पलीकडे बनावट लाटांत नाचायचं. आपल्या नद्यांचं पाणी ज्या खाड्यांत जाऊन पडतं त्यातलीच ही एक. बोटीत नाकाला रुमाल. दोन्ही ठिकाणी आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

नागरिकांनी रिव्हर मार्चसारख्या मोहिमा काढल्या. २०१८ मध्ये तर चारही नद्यांसाठी एक गाणं निघालं, त्यात तेव्हाचे मुख्यमंत्री सपत्नीक दिसले होते. सांडपाणी नदीत पडण्याआधी अडवून शुद्ध करणारी केंद्रं उभारायची योजना महापालिकेने आखली, कामंही निघाली. कामं होऊ द्यात, मी टाळ्या वाजवीन. पण माझी मोजपट्टी साधी आहे. दौलतनगरच्या पुलाखाली उतरून मी घोटाभर पाण्यात पाय घालू शकतो का? पोहणं सोडा, पाण्यावर घसरणं तर सोडाच. फक्त पाय. आणि पावसाळ्यात नको, एप्रिलमध्ये, कारण पावसात तर गटारही नदीसारखं दिसतं. (पावसाळ्यात कुणीही पार्कातल्या ओढ्यात किंवा अक्साला उतरू नका. दरवर्षी तरुण पोरं जातात, आणि ती बातमी लिहायची वेळ माझ्यावर येते.)

मित्र डिसेंबरात येतोय. फोनवर म्हणाला, ‘मुलाला घेऊन येतो, त्याला आजोबांची नदी बघायचीये.’ त्याचे वडील आणि माझे वडील एकाच डोहात पोहायचे ना! मी म्हटलं, ये. आधी पार्कात वर, जंगलातून पाणी येतं तिथे नेणार आहे. तिथे ती अजून स्वच्छ आहे, दगड दिसतात, छोटे मासे दिसतात. मग तिथून चालत चालत खाली पुलापर्यंत. तो पोरगा किती अंतरावर नाक दाबतो ते मोजून इथे लिहीन.

तोवर एक काम करा. तुमच्या घरी जुन्या अल्बममध्ये दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी यांच्या काठावरचा एखादा फोटो असेल तर मेसेजमध्ये पाठवा. सहलीचा, गणपती विसर्जनाचा, शूटिंगचा, कसलाही चालेल. मागे साल आणि जागा लिहिलेली असेल तर उत्तमच. माझ्या वडिलांचा एकही नाही. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता.