शुश्रूषेचे शिक्षण : कायझर्सवर्थ ते वेल्लोर

परिचारिकांच्या शिक्षणाचा इतिहास फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला तो थोडा आधीपासून सांगावासा वाटतो. १८३६ मध्ये जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या कायझर्सवर्थ गावी पाद्री थिओडोर फ्लिडनर व त्यांच्या पत्नी फ्रीडरिके यांनी धर्मसेविकांची संस्था काढली. परक्याचे मलमूत्र उपसणे हे युरोपातही तेव्हा हलके काम गणले जाई. फ्लिडनर दांपत्याने ते ईश्वरसेवेचे ठरविले. मात्र आजन्म व्रताची सक्ती केली नाही आणि सेविकेच्या म्हातारपणाचा भार संस्थेवर घेतला. ही व्यवहारी तरतूद आम्हांला प्रार्थनेइतकीच मोलाची वाटते.

नाइटिंगेल १८५१ मध्ये येथे सुमारे तीन महिने राहिल्या. तेथील भक्तिभाव त्यांना भावला. शुश्रूषा आणि स्वच्छता यांविषयीचे त्यांचे मत मात्र प्रतिकूलच राहिले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून निघालेली शाळा कोणत्याही पंथाची नव्हती. श्रद्धेने माणूस रोग्याच्या खाटेपाशी जातो, पण जखम कशी धुवावी हे त्याला शिकावेच लागते, हा भेद त्यांनी ओळखला होता.

आपल्याकडे विटाळ, परपुरुषाचा स्पर्श आणि रात्रपाळी अशा तिहेरी अडचणी होत्या. उच्चवर्णीय घरांनी या कामाकडे पाठ फिरविली, म्हणून आरंभीचे वर्ग बहुतांशी ख्रिस्ती मुलींनी भरले. बेळगावकरांना जवळच्या मिरजेत डॉ. वॉनलेस यांच्या रुग्णालयाला जोडून १८९७ मध्येच असे शिक्षण सुरू झाले. मिशनऱ्यांच्या मनात धर्मप्रसार होता, हे झाकण्यात अर्थ नाही. परंतु जिला कोणी शिवत नव्हते त्या रोगिणीला स्पर्श करणारे हात प्रथम त्यांनीच घडविले, हेही तितकेच खरे.

वेल्लोरची हकीकत सर्वांत बोलकी आहे. एका रात्री तीन घरांतील पुरुष बाळंतिणीसाठी मदत मागत आले. पुरुष डॉक्टर मात्र त्यांना चालेना, आणि तिन्ही स्त्रिया दगावल्या. तरुण आयडा स्कडर या प्रसंगाने वैद्यकाकडे वळल्या. १९०२ मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले. स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेला १९१८ उजाडले. परिचारिकांची शाळा मात्र १९०९ मध्येच निघाली. हा क्रम आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. शस्त्रक्रिया तासाभरात उरकते. त्यानंतरची रात्र, ताप, भय आणि घरची काळजी परिचारिकेच्या वाट्याला येते. रोगी म्हणजे केवळ रोग नव्हे, ही ख्रिस्ती धारणा तेथे अशी प्रत्यक्ष कामातून शिकविली गेली, आणि पुढे नर्सिंग महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी आसपासच्या खेड्यांतही जाऊ लागल्या.

१९४६ मध्ये वेल्लोरला मद्रास विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षी दिल्लीत सरकारी नर्सिंग महाविद्यालयही निघाले.