नजरेचा ताणा-बाणा

सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. हे नाव माग चालवणाऱ्या हातांनी जितके कमावले, तितकेच कापड तपासणाऱ्या डोळ्यांनीही. 1877 मध्ये येथे कापड गिरणी सुरू झाली, तेव्हापासूनचा गिरण्यांचा इतिहास लिहिला गेला. तपासणीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाचा मात्र क्वचितच कोणी लिहिला. आता जगातील मोठ्या गिरण्यांत हे काम कॅमेरा करू लागला आहे. यंत्राच्या या नजरेला मशीन व्हिजन म्हणतात. ती कोठून आली आणि कशी चालते, हे मागावर पोट असलेल्या घरांतील मुलांना कळले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना सांगतो की नजर, मंजर आणि मनाझिर हे शब्द एकाच मुळाचे आहेत. ‘किताब-अल-मनाझिर’ हा ग्रंथ अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न-अल-हैसम यांनी लिहिला. त्यांचा जन्म बसऱ्याचा, कार्य कैरोतले. डोळ्यांतून किरण निघून वस्तूला भिडतात, हे जुने मत त्यांनी खोडले. प्रकाश वस्तूवरून डोळ्यांत येतो, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणारा प्रकाशही त्यांनी अभ्यासला. आजचा कॅमेरा म्हणजे वस्तुतः तीच अंधारी खोली.

दुसरा धागा थेट मागावरचा आहे. 1804 मध्ये फ्रान्समधील लियाँच्या जोसेफ जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. भोक असेल तेथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तर तो खालीच राहतो. आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शब्दांत संपूर्ण नक्षी लिहिता आली. 1830 नंतरच्या दशकात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी हेच पुठ्ठे योजले. सोलापुरी चादरीवरची नक्षी आणि संगणक यांचे नाते असे जुने आहे.

1957 मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले. ते 176 गुणिले 176 चौकोनी ठिपक्यांचे होते. 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणारी सीसीडी चिप शोधली. त्यासाठी त्यांना 2009 चे नोबेल मिळाले.

आता कापडाकडे येऊ. यंत्राला चित्र दिसत नाही, आकडे दिसतात. साधारणपणे काळ्या ठिपक्याला 0, पांढऱ्याला 255 आणि करड्या छटांना मधले आकडे असतात. 2 मीटर पन्ह्याच्या कापडावर एका ओळीत 2048 ठिपके टिपणारा कॅमेरा लावला, तर एका ठिपक्यात सुमारे 1 मिलिमीटर कापड येते. त्याहून बारीक दोष हाती लागणे अवघड. म्हणून आधी दोष किती लहान ते ठरवावे, मग कॅमेरा निवडावा. प्रकाशाचेही तसेच. भोक शोधायचे तर दिवा कापडाच्या मागे हवा. गाठ शोधायची तर दिवा बाजूने तिरपा हवा, म्हणजे गाठीची सावली पडते.

साध्या कापडावर हे सोपे आहे. टॉवेलवर धाग्यांच्या फासांच्याच हजारो सावल्या पडतात आणि जॅकार्ड चादरीत नक्षीच यंत्राला दोष वाटू शकते. मूळ नक्षी कोणती आणि तुटलेला बाणा कोणता, हे यंत्राला कोणीतरी दाखवावे लागते. त्यासाठी दोषांचे शेकडो नमुने जाणत्या माणसाने खुणा करून द्यावे लागतात.

कॅमेरा आल्यावर तपासणीची कामे कमी होणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. बराच वेळ कापड सरकताना पाहून माणसाची नजर थकते, यंत्राची थकत नाही. परंतु नमुन्यांवर खुणा करणारा माणूस परगावचा असावा की मागाच्या खडखडाटात वाढलेला, हा प्रश्न अजून आपल्या हाती आहे. आमच्या वर्गातील अनेक मुले कापडावर हात फिरवून गाठ सांगतात. या ज्ञानाला गणिताची आणि संगणकाची जोड मिळाली, तर नव्या टेबलाशीही त्यांना जागा असेल. ती जोड देणे हे शाळांचे काम आहे, आणि त्याला उशीर परवडणारा नाही.