डब्लून : दुपटीचं सोनं

चाच्यांच्या गोष्टीतली पेटी उघडली की आत ‘डब्लून’ हमखास असतात. मूळ स्पॅनिश शब्द ‘दोब्लोन’. ‘दोब्ले’ म्हणजे दुप्पट. त्याला मोठेपणा दाखवणारा ‘ओन’ प्रत्यय लागला. या घराण्याच्या मुळाशी लॅटिन ‘दुओ’ आहे, आपल्या ‘द्वि’चा भाऊबंद.

दुप्पट कशाची? तर एस्कुदोची. सोळाव्या शतकात स्पेनने पाडलेल्या या सोन्याच्या नाण्यावर राजचिन्हाची ढाल असे, आणि एस्कुदो म्हणजे ढालच. दोन एस्कुदोंचा दोब्लोन पावणेसात ग्रॅमच्या आसपास भरे. पुढे इंग्रजीने आठ एस्कुदोंच्या, सुमारे २७ ग्रॅमच्या नाण्यालाही तेच नाव चिकटवलं. स्पॅनिशमध्ये मात्र ते ‘ओन्सा’, म्हणजे औंस.

संग्राहकांचा जीव अडकतो तो हातोड्याने पाडलेल्या जुन्या नाण्यांत. वजन जुळवायला कातरलेल्या, म्हणून कडा वेड्यावाकड्या. एकीकडे क्रूस, दुसरीकडे ढाल. ढालीशेजारी टांकसाळीची खूण (मेक्सिकोसाठी ‘एम’वर बारीक ‘ओ’) आणि कस पाहणाऱ्याचं आद्याक्षर. साल काठाशी असल्याने बहुधा निसटलेलंच. ते पूर्ण उमटलं असेल तर भाव चढतो. १७१५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडालेल्या ताफ्यातली अशी नाणी आजही पाणबुड्यांच्या हाती लागतात.

एस्कुदोचं पोर्तुगीज भावंड गोव्यातही नांदलं. १९६१पूर्वीची शेवटची दोन-तीन वर्षं तिथला हिशोब रुपियाऐवजी एस्कुदोत होई. सोनं मात्र त्यात गुंजभरही नव्हतं.